डायाकांच्या मुलखातील पाहुणा : आल्फ्रेड रसेल वॉलेस

जगाचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर टांगला म्हणजे विद्यार्थ्यांची बोटे प्रथम आपल्या देशाकडे वळतात आणि मग इंग्लंड-अमेरिकेचा शोध घेऊ लागतात. बंगालचा उपसागर ओलांडून, मलायाचे द्वीपकल्प मागे टाकून पुढे गेले, तर विषुववृत्तावर एक भले मोठे हिरवे बेट पसरलेले दिसते. त्याच्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. हे बेट म्हणजे बोर्निओ. ग्रीनलंड व न्यू गिनी यांच्या खालोखाल जगात याचाच क्रमांक लागतो. किनाऱ्याला दलदल, आत घनदाट अरण्य आणि मध्यभागी डोंगर, अशी याची रचना आहे. एकोणिसाव्या शतकात या बेटाच्या अंतर्भागात सडक म्हणून नव्हती. नदी हाच राजमार्ग. आणि जेथे नदी उथळ होऊन होडी टेकू लागे, तेथून पुढे ज्याचे पाय त्याचे वाहन. अशा या मुलखातून बंदुकांचा ताफा वा शिपायांची पलटण न घेता, एका मलायी पोराला सोबतीस घेऊन जो चालत गेला, त्या आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गपंडिताचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

डार्विनचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. परंतु जी कल्पना डार्विनच्या नावाने जगप्रसिद्ध झाली, तीच स्वतंत्रपणे सुचलेला दुसरा मनुष्य वॉलेस हा होय, हे सर्वांनाच ठाऊक असते असे नाही. त्याच्या आयुष्यातील ही गोष्ट मोठी खरीच. तथापि आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो त्याच्या डायाक लोकांमधील वास्तव्याचा व प्रवासाचा भाग. कारण परक्या माणसांच्या घरात पाहुणा म्हणून राहिल्याने विद्वानाचेही डोळे कसे उघडतात, हे त्यातून दिसून येते.

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क या गावाजवळ झाला. नऊ भावंडांत तो आठवा. वडिलांचे थोडेफार जे धन होते, ते चुकीच्या व्यवहारांत संपले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी आल्फ्रेडची शाळा सुटली ती कायमचीच. महाविद्यालयाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही. थोरला भाऊ विल्यम जमीन मोजण्याचे काम करी. त्याच्या हाताखाली साखळी ओढीत हा मुलगा रानोमाळ हिंडू लागला. पोटासाठी पत्करलेल्या या हिंडण्यातच त्याला झाडापाल्याची गोडी लागली. पुढे १८४४ मध्ये तो लेस्टर या गावी एका शाळेत शिक्षक झाला. तेथील ग्रंथालय हेच त्याचे विद्यापीठ. लोकसंख्येच्या वाढीसंबंधी माल्थसने लिहिलेला ग्रंथ त्याने वाचला तो याच काळात, आणि हेन्री बेट्स या समवयस्क मित्राची गाठ पडली तीही येथेच. बेट्सला भुंगेरे जमविण्याचा छंद होता. एकाच गावाच्या परिसरात भुंगेऱ्यांच्या किती जाती सापडतात हे त्याच्याकडून कळल्यावर वॉलेस आश्चर्याने थक्क झाला. एवढ्या जाती आल्या कोठून, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या मनात घर करून बसला.

हा प्रश्न उराशी बाळगून १८४८ साली दोघे मित्र दक्षिण अमेरिकेतील अमेझॉन नदीकडे निघाले. पशुपक्षी व कीटक यांचे नमुने विलायतेतील संग्राहकांना विकावयाचे आणि त्यावर गुजराण करावयाची, असा त्यांचा बेत होता. चार वर्षे वॉलेसने अमेझॉन व रिओ नेग्रो या नद्यांवर काढली. मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट १८५१ मध्ये पीतज्वराने तेथेच वारला. १८५२ साली वॉलेस स्वतःचा संग्रह घेऊन परत निघाला असता भर समुद्रात ६ ऑगस्ट रोजी जहाजाला आग लागली. वर्षानुवर्षे जमविलेले नमुने, रोजनिश्या, सारे डोळ्यांदेखत जळून गेले. मासे व ताडवृक्ष यांची काही चित्रे असलेली एक लहानशी पेटी तेवढी हाती राहिली. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर एका जहाजाने त्या लोकांना वाचविले. त्याच्या दलालाने मालाचा विमा उतरवून ठेवला होता म्हणून अंगावर कपडे घेण्यापुरते पैसे तरी मिळाले.

एकोणतिसाव्या वर्षी सर्वस्व गमावलेला मनुष्य काय करील? वॉलेसने पुन्हा प्रवासाला निघण्याची तयारी केली. १८५४ च्या एप्रिलमध्ये तो सिंगापूरला उतरला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबर संपता संपता बोर्निओच्या वायव्य किनाऱ्यावरील सारावाक येथे पोहोचला. चार्ल्स ॲलन नावाचा एक पोरसवदा इंग्रज मदतनीस त्याच्याबरोबर होता.

सारावाकची हकीकत मोठी विलक्षण आहे. जेम्स ब्रुक नावाचा एक इंग्रज गृहस्थ १८४१ पासून तेथे राजा होऊन बसला होता. ब्रुनेईच्या सुलतानाच्या अमलाखालील हा मुलूख त्याच्याकडे आला होता. त्याच्या कारकीर्दीबद्दल त्या काळीही दोन मते होती. चाचेगिरी मोडण्याच्या नावाखाली १८४९ साली त्याने केलेल्या चढाईत शेकडो डायाक मारले गेले आणि त्यावरून इंग्लंडातही मोठा गहजब झाला. वॉलेसशी मात्र त्याने स्नेहाने वर्तन केले, आणि वॉलेसनेही आपल्या लिखाणात त्याची प्रशंसाच केली आहे. यजमानाचा गुण घेताना त्याच्या हातचे रक्त विसरले जाऊ नये, एवढे आम्ही येथे नमूद करून पुढे जातो.

डायाक हे एकाच जमातीचे नाव नव्हे. बोर्निओच्या अंतर्भागातील अनेक मूळ रहिवाशांना मिळून हे नाव पडले आहे. त्या काळचे इंग्रज सारावाकमधील डायाकांचे दोन वर्ग करीत. नद्यांच्या खालच्या भागात राहणारे व होडी चालविण्यात निष्णात असे ते समुद्री डायाक. यांना आज आपण मुख्यतः इबान या नावाने ओळखतो. डोंगराळ भागात भातशेती करणारे ते भू-डायाक, म्हणजे आजचे बिदायुह. दोघांच्याही वस्त्या उंच खांबांवर उभारलेल्या असत. एकाच लांबच लांब घरात अनेक कुटुंबे राहात आणि त्या सर्वांपुढून एक सामाईक ओसरी गेलेली असे. शत्रूची मुंडकी कापून आणण्याची चाल त्यांच्यात पूर्वी होती. वॉलेसच्या वेळी सारावाकच्या हद्दीत ती बंद पडली होती, परंतु धुराने काळी पडलेली जुनी मुंडकी घरांत अजून टांगलेली असत.

१८५५ च्या फेब्रुवारीत, पावसाळ्याच्या दिवसांत, वॉलेस सारावाक नदीच्या मुखाशी असलेल्या सांतुबोंग डोंगराच्या पायथ्याशी राहिला होता. बाहेर जाणे अशक्य, सोबतीला एक मलायी स्वयंपाकी. अशा एकान्तात त्याने एक निबंध लिहिला. प्रत्येक नवी जाती ही तिच्याशी जवळचे नाते असलेल्या आधीच्या जातीच्याच प्रदेशात व काळाच्या ओघात तिच्या पाठोपाठ अस्तित्वात येते, असा त्याचा आशय होता. त्याच सप्टेंबरात तो निबंध छापला गेला. उत्तराच्या अर्ध्या वाटेवर तो येऊन ठेपला होता.

मार्च १८५५ मध्ये तो सादोंग नदीच्या सिमुनजोन या उपनदीकाठी, कोळशाच्या नव्या खाणीजवळ जाऊन राहिला. नदीपासून खाणीपर्यंत जाण्याची वाट म्हणजे दलदलीतून एकापुढे एक मांडलेले झाडांचे ओंडके. त्यावरून अनवाणी डायाक पाठीवर जड ओझी घेऊन सहज चालत जात; बूट घातलेला वॉलेस मात्र एखादे फुलपाखरू पाहण्यासाठी मान वळवी आणि चिखलात पडे. येथे त्याने अंदाजे नऊ महिने काढले. कीटक आणून देणाऱ्या डायाक व चिनी मजुरांना तो नगास एक सेंट देई. बोर्निओत त्याने भुंगेऱ्यांच्या सुमारे २००० जाती मिळविल्या. त्यांपैकी शंभराएक सोडल्या तर बाकी सर्व या एकाच ठिकाणच्या, चौरस मैलाहून फारशा मोठ्या नसलेल्या जागेतल्या होत्या. झाडावरून तरंगत खाली येणारा, पायाच्या बोटांमध्ये पडदे असलेला बेडूक त्याला एका चिनी मजुराने आणून दिला, तोही येथेच.

येथेच एक अशी घटना घडली की ती सांगताना आमची लेखणी अडखळते. ओरांग-उटान या मोठ्या वानराला डायाक लोक मायास म्हणतात. संग्रहालयांसाठी वॉलेसने असे अनेक मायास बंदुकीने मारले. एकदा एक मादी मारली असता तिचे तान्हे पिल्लू दलदलीत पडलेले सापडले. ते जेमतेम फूटभर लांब होते. घरी आणताना त्याने वॉलेसची दाढी इतकी घट्ट धरली की सोडवता सोडवेना. दूध मिळत नव्हते म्हणून वॉलेसने त्याला भाताची पेज पाजली, त्याला न्हाऊमाखू घातले, आईच्या अंगाला बिलगावे तसे बिलगता यावे म्हणून रेड्याच्या कातड्याची एक गुंडाळी करून दिली, खेळायला एक लहान माकड आणले. तीन महिन्यांच्या सुमारास ते आजारी पडून मेले. ज्या हाताने आईला मारले तोच हात पोराला भरवीत होता. त्या काळच्या शास्त्रज्ञांना यात विसंगती वाटत नसे. आज ओरांग-उटान पृथ्वीवरून नाहीसे होण्याच्या मार्गावर असताना आपल्याला ती वाटल्यावाचून राहात नाही. तथापि त्या पिल्लाच्या आजारपणाचे वॉलेसने केलेले वर्णन वाचले म्हणजे त्याला झालेले दुःख खरे होते याविषयी शंका उरत नाही.

नोव्हेंबरअखेर पाऊस सुरू झाला आणि वॉलेसने परतण्याचे ठरविले. संग्रहाचे सामान देऊन चार्ल्सला त्याने समुद्रमार्गाने पाठविले. स्वतः मात्र सादोंग नदीने उगमापर्यंत वर जावयाचे, तेथून डोंगर ओलांडून पलीकडे सारावाक नदीच्या खोऱ्यात उतरावयाचे आणि त्या नदीने शहर गाठावयाचे, असा त्याचा बेत होता. बरोबर बुजोन नावाचा एकच मलायी मुलगा होता. व्यापाराच्या निमित्ताने तो डायाकांत वावरलेला असून त्यांची भाषा जाणत होता. २७ नोव्हेंबर १८५५ रोजी हे दोघे निघाले.

दुसऱ्या दिवशी गुडोंग हे मलायी गाव लागले. तेथून पुढे नदीकाठची मलायी वस्ती विरळ होत गेली आणि डायाकांची गावे सुरू झाली. प्रवासाची रीत अशी की, एका गावचे लोक पाहुण्याला होडीतून पुढच्या गावापर्यंत पोहोचवीत व परत फिरत. मग पुढची व्यवस्था त्या गावाने करावयाची. आपल्याकडे जुन्या काळी गावोगाव वाटाड्या बदलत असे, त्याचीच ही आवृत्ती म्हणावी. गावचा मुखिया, म्हणजे त्यांच्या भाषेतला ओरांग काया, हा आपल्या पाटलाच्या जागी. माणसे मिळणे न मिळणे हे सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून असे.

मुक्काम बहुधा गावच्या वाटोळ्या घरात पडे. उंच खांबांवर उभारलेले, मध्ये मोठी चूल आणि छपराला सभोवार झरोके असे हे घर सर्व गावाचे असे. परगावचा पाहुणा उतरावयाचा तो तेथे, अविवाहित तरुण निजावयाचे ते तेथे, व्यापारउदीम तेथे आणि पंचायतही तेथेच. थोडक्यात, आपली चावडी व धर्मशाळा एका छपराखाली नांदत होती. शत्रूची मुंडकी टांगलेली असत तीही याच घरात. संध्याकाळ झाली की गावातील पोरे व तरुण या गोऱ्या माणसाला पाहावयास दाटीवाटीने जमत.

एका गावी तर मोठाच समारंभ झाला. मुखिया टिकल्या जडविलेले मखमली जाकीट घालून आला. पांढऱ्या कापडाच्या चांदव्याखाली वॉलेसला मानाचे आसन मिळाले. त्याच्यापुढे भाताने भरलेल्या मोठ्या थाळ्या व अंडी मांडण्यात आली. एक अतिवृद्ध गृहस्थ रंगीत वस्त्रे व अलंकार लेवून दाराशी बसला आणि हातातील पात्रातून तांदूळ उधळीत पुष्कळ वेळ प्रार्थना पुटपुटत राहिला. तांदूळ उधळून मंगल चिंतण्याची ही रीत वाचताना कोणा मराठी वाचकाला आपल्या अक्षतांची आठवण होणार नाही? मग तांदळाचे मद्य फिरले, नाच झाले, घंटांचा दणदणाट झाला. नाच वॉलेसला मुळीच रुचला नाही, आणि घंटांच्या आवाजाने तर त्याचे कान किटले. तो उठून वाटोळ्या घरात गेला आणि डोक्यावर धुराने सुकलेल्या पाच-सहा कवट्या लोंबत असताना स्वस्थ झोपी गेला. घराबाहेरच्या जगात आपल्याला इतके निर्भय कोठे झोपता येईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पुढे नदी इतकी उथळ झाली की होडी चालेना. वॉलेस पायी निघाला. वाट जवळजवळ सगळी बांबूच्या बेटांतून जात होती. डायाक लोक जंगल तोडून व जाळून त्या जागेत एक पीक भाताचे आणि एक ऊस, मका व भाजीपाल्याचे घेतात, आणि मग आठ-दहा वर्षे ती जमीन पडीक ठेवतात. पश्चिम घाटात जिला कुमरी म्हणत, तिच्याशी या शेतीचे साम्य आहे. पडीक जमिनीवर बांबू व झुडपे माजतात आणि वाटेवर त्यांची कमान होऊन पलीकडचे काहीच दिसत नाही. तीन तास चालल्यावर सेनानकान हे गाव आले. दुसऱ्या दिवशी आमची माणसे तुम्हाला डोंगरापलीकडे सेन्ना गावी पोहोचवतील, असे वचन तेथील मुखियाने दिले.

सकाळ झाली, तरी माणसांचा पत्ता नाही. चौकशी करता कळले की मुखिया बाहेर निघून गेला आहे. वाट लांबची व दमछाक करणारी असल्यामुळे कोणीही यावयास तयार नव्हता, आणि पाहुण्याला तोंडावर नाही म्हणण्याचा त्याला संकोच वाटला असावा. वॉलेस संतापला. राजाच्या कानावर ही गोष्ट घालीन अशी धमकी त्याने उरलेल्या लोकांना दिली. काही धमकीने, काही आमिषाने आणि बरेचसे बुजोनच्या गोड जिभेने दोन तासांनंतर माणसे निघाली. ही गोष्ट वॉलेसने स्वतःच लिहून ठेवली आहे, म्हणून आम्हीही ती झाकून ठेवीत नाही. आदल्या रात्री ज्यांचा भात खाल्ला, त्यांनाच सकाळी राजाचा धाक घालणे हे पाहुण्याला शोभणारे नव्हते. कोणा परक्याचे ओझे डोंगरापार नेण्यास त्या शेतकऱ्यांनी का बांधलेले असावे? थोर माणसांच्या चरित्रांत अशा जागा असतातच, आणि त्या वाचूनच आपण थोरपण व मनुष्यपण यांची सांगड घालावयास शिकतो.

वाट आता अरुंद धारांच्या व खोल दऱ्यांच्या मुलखातून जाऊ लागली. हातभर सपाट जमीन म्हणून नाही. कायान नदी ओलांडून ते सेबोरान डोंगराच्या सोंडेवर चढले, तेव्हा सारा प्रदेश दृष्टीपुढे उलगडला. हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेले हिमालयाचे वर्णन वॉलेसने वाचले होते. त्याला वाटले, हा तर हिमालयच, दहापट लहान करून मांडलेला. तेथे जे हजारो फूट, ते येथे शेकडो फूट.

या वाटेवर डायाकांच्या पुलांनी त्याला मोहून टाकले. आपल्या कोकणात व गोव्यात पावसाळी ओढ्यांवर साकव घालतात, त्याच जातीचे हे पूल, पण पुष्कळ अधिक धाडसी. दोन दोन बांबू फुलीसारखे एकमेकांत अडकवून उभे करावयाचे, फुलीच्या बेचक्यांतून एक जाड बांबू आडवा टाकावयाचा, की झाली पाऊलवाट. आणि धरावयास एक बारीक, हलणारा बांबू. नदी मोठी असेल तर काठावरून पाण्यावर झुकलेले झाड शोधून पूल अर्धा त्याला टांगावयाचा आणि अर्धा काठावरून तिरप्या टेकूंनी उचलून धरावयाचा. प्रवाहात मात्र एकही खांब रोवावयाचा नाही, कारण पुरात तो वाहून जाईल. या बांधणीत खिळा नाही की लोखंड नाही. बांधावयास वेत आणि तोडावयास कोयता, एवढीच सामग्री. याच बांबूची घरातील जमीन, त्याचीच पाण्याची भांडी, त्याचेच पाण्याचे पाट, आणि उंच झाडावर मध काढण्यास चढावयाचे तर खोडात ठोकलेल्या त्याच्याच खुंट्या. वॉलेसने बांबूवर पानेच्या पाने लिहिली आहेत. ड्युरियन या काटेरी फळाचेही त्याने तसेच गुणगान केले. फणसाचा वास ज्यांना सहन होत नाही पण गरे आवडतात, त्यांना ड्युरियनविषयीचे मतभेद समजण्यास अडचण पडू नये.

वाटेतील गावांत बायामुलांनी गोरा मनुष्य कधी पाहिलेला नव्हता. याचा चेहरा जसा आहे तसेच सारे अंग असेल का, अशी त्यांना शंका आली. त्यांनी इतक्या मोकळ्या मनाने विनंती केली की वॉलेसला नाही म्हणवेना. त्याने विजारीचा पाय वर गुंडाळला आणि त्या सर्वांनी त्याच्या पोटरीचे बारकाईने निरीक्षण केले. आजवर वॉलेसने हजारो प्राण्यांचे निरीक्षण केले होते. आज त्याचेच निरीक्षण होत होते!

सेन्नाला पोहोचल्यावर एक गमतीदार अडचण उभी राहिली. गाव नदीच्या काठी, नदी होडी चालण्याजोगी, पण गावात होडी एकही नाही. तेथील डायाक मूळचे डोंगरातले. वीसएक वर्षांपूर्वीच ते खाली येऊन राहिले होते आणि नदीशी त्यांची अजून ओळख झाली नव्हती. त्यांची मदार पायवाटांवर व पुलांवर, आणि ती त्यांनी उत्तम राखली होती. शेवटी एका मलायी व्यापाऱ्याकडून होडी भाड्याने घेतली, आणि आपल्याला होडी हाकता येते असे म्हणणारे तिघेजण मिळाले. ते होडी कधी वाळूत रुतवीत, कधी खडकावर आदळीत, कधी स्वतःच तोल जाऊन पडावयाच्या बेतात येत. एका भयंकर खळाळापाशी त्यांचे धैर्य पूर्ण खचले. एवढ्यात मागून तांदळाची होडी घेऊन काही मलायी आले. ते सुखरूप खाली उतरले आणि त्यांनी आपणहून आपला एक माणूस वॉलेसच्या मदतीस परत पाठविला. नेमक्या आणीबाणीच्या क्षणी डायाकांचा तोल गेला. तो माणूस नसता तर होडी उलटलीच असती. अमेझॉनच्या संग्रहाचा नाश भोगलेल्या वॉलेसला त्या अनामिक माणसाचे मोल काय वाटले असेल, याची कल्पना करावी. पुढे नदीवर झुकलेल्या झाडांवर बांधलेली धान्याची कोठारे, झुलते पूल आणि वेलींनी मढलेले चुनखडीचे पांढरे कडे पाहात पाहात तो सारावाकला पोहोचला.

त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत वॉलेस एका डोंगरावरील राजाच्या झोपडीवजा बंगलीत राहिला. रात्री दिवा लावून पांढऱ्या भिंतीवर येणारे पतंग टिपणे हा तेथील उद्योग. सव्वीस रात्रींत १३८६ पतंग मिळाले, आणि त्यांतील आठशेहून अधिक चारच काळोख्या, पावसाळी रात्रींत! अली नावाचा एक मलायी मुलगा याच सुमारास त्याच्याकडे नोकरीस राहिला. पुढील सर्व बेटांवर तो त्याचा उजवा हात झाला. १८५६ च्या आरंभी वॉलेसने बोर्निओ सोडले.

पुढची कथा जगाला ठाऊक आहे. १८५८ च्या फेब्रुवारीत मोलुक्का बेटांत थंडीतापाने पडून असताना त्याला लेस्टरला वाचलेला माल्थस आठवला, आणि जगण्यास अधिक लायक तेच टिकतात व त्यातूनच जाती बदलतात, हे उत्तर एकाएकी सापडले. त्याने ते लिहून डार्विनकडे पाठविले. डार्विन वीस वर्षे त्याच विचारावर काम करीत होता. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेख एकत्र वाचण्यात आले. वॉलेसला याची वार्ताही नव्हती. कळल्यावर मात्र त्याने कुरकुर केली नाही. जन्मभर तो डार्विनलाच पहिला मान देत राहिला. बाली व लोंबोक या शेजारच्या बेटांवरील प्राणी किती भिन्न आहेत हे त्याने दाखविले, आणि त्या सीमेला आज वॉलेस रेषा असेच म्हणतात. १८६२ मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा आठ वर्षांत त्याचा सुमारे १४,००० मैल प्रवास झाला होता आणि १,२५,६६० नमुने जमले होते. १८६९ मध्ये मलाय द्वीपसमूहावरील आपला ग्रंथ त्याने डार्विनला अर्पण केला. पुढे मानसन्मान मिळाले, पैसा कधी टिकला नाही. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्याने देह ठेवला.

त्या ग्रंथात पावसाळी दिवसाचा एक छोटासा प्रसंग आहे, तो सांगून आम्ही हा लेख संपवितो. एका डायाक घरात पोरे भोवती जमली होती. त्यांची करमणूक करावी म्हणून वॉलेसने बोटांत दोरा गुंफून आकृत्या करण्याचा खेळ काढला. हे यांना नवीन वाटेल, असा त्याचा समज. त्याने दोन-तीन आकृत्या करताच एका पोराने दोरा आपल्या हाती घेतला आणि वॉलेसला अज्ञात अशा कितीतरी आकृत्या करून दाखविल्या. शिकवावयास बसलेला शिक्षक क्षणात विद्यार्थी झाला.

वॉलेस आपल्या काळाचा माणूस होता. डायाकांना तो रानटी म्हणे, आणि आपल्या लोकांचे राज्य त्यांच्या हिताचे आहे असे समजे. पण त्यांच्या घरात राहून त्याने पाहिले की ही माणसे खरे बोलतात, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावीत नाहीत, आणि दाराला कुलूप नसतानाही निर्धास्त झोपतात. म्हणूनच त्या ग्रंथाच्या शेवटी त्याने आपल्याच देशबांधवांना कठोर प्रश्न विचारला: यंत्रे व संपत्ती यांत आपण पुढे गेलो, पण शेजाऱ्याशी न्यायाने वागण्यात आपण या लोकांच्या पुढे आहोत काय? उत्तर नाही असेच त्याला द्यावे लागले, आणि उरलेले आयुष्य तो गरिबांच्या जमिनीच्या हक्कासाठी झगडला. ज्या मुलाची शाळा चौदाव्या वर्षी सुटली, त्याला हा धडा सादोंगच्या काठी, बांबूच्या ओसरीवर बसून मिळाला. आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनीही ज्ञान मिळविण्यास दूर जावे, उंच जावे. पण ज्याच्या ओसरीवर बसाल त्याच्या हातात दोरा देऊन पाहावयास विसरू नये.